बाहेरचं ट्रॅफिक आतल्या सर्व्हरपर्यंत नेताना परतीचा रस्ता आधी तपासा

इतर वाचकांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. कारखान्याच्या ऑफिसात डेबियन लिनक्सचं एक मशीन फायरवॉल म्हणून बसवलं आहे. त्याच्या एका नेटवर्क कार्डावर नव्या लाइनचा स्टॅटिक आयपी आहे. तो इथे २०३.०.११३.१० धरू, कारण ही मालिका उदाहरणांसाठीच राखीव आहे. दुसऱ्या कार्डावर ऑफिसचं लॅन, पत्ता १९२.१६८.१०.१. आत १९२.१६८.१०.२० या सर्व्हरवर ऑर्डर घेण्याचं पोर्टल ४४३ पोर्टवर चालतं. जुनी ब्रॉडबँड लाइन अजून बंद केलेली नाही, तिचा राउटर १९२.१६८.१०.२५४ वर आहे. तुम्ही डीनॅटचा, म्हणजे पॅकेटवरचा पोचण्याचा पत्ता बदलण्याचा, नियम लिहिलात, तरी बाहेरून पान उघडेना. मग कुणाच्या तरी सल्ल्याने लॅनच्या बाजूला सरसकट मास्करेड (पाठवणाऱ्याच्या पत्त्याजागी फायरवॉलचा पत्ता लिहिणारा नियम) टाकलंत आणि पोर्टल सुरू झालं. आता पोर्टलच्या लॉगमध्ये प्रत्येक ग्राहक १९२.१६८.१०.१ वरूनच आलेला दिसतो, आणि ऑफिसातल्या माणसांना डोमेनच्या नावाने पोर्टल उघडत नाही. शिवाय टॅलीच्या मशीनचं रिमोट डेस्कटॉप आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर हेही असेच बाहेरून उघडायचे आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे ते सरसकट मास्करेड काढायचं आहे. त्याने दुखणं बरं झालेलं नाही, फक्त दिसेनासं झालं आहे. तुमचा डीनॅटचा नियम बहुधा पहिल्यापासून बरोबरच होता. बिघाड आहे तो सर्व्हरच्या उत्तराच्या वाटेत.

हे समजायला पॅकेटचा प्रवास नीट पाहावा लागतो. बाहेरचा ग्राहक २०३.०.११३.१० च्या ४४३ पोर्टला पहिलं पॅकेट पाठवतो. ते फायरवॉलच्या बाहेरच्या कार्डावर येतं आणि लिनक्सच्या नेटफिल्टरमध्ये, म्हणजे पॅकेट तपासणाऱ्या भागात, प्रीराउटिंग या टप्प्यावर पोचतं. इथे डीनॅट होतं, म्हणजे पॅकेटवरचा पोचण्याचा पत्ता खोडून १९२.१६८.१०.२० लिहिला जातो. त्यानंतर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ठरवतो की हे पॅकेट माझ्यासाठी आहे की पुढे पाठवायचं आहे. पत्ता बदललेला असल्यामुळे ते पुढे पाठवायचं ठरतं आणि फॉरवर्ड टप्प्यात जातं. तिथे तुमचे परवानगीचे नियम बसलेले असतात. परवानगी मिळाली की पोस्टराउटिंगमधून ते लॅनच्या कार्डाने बाहेर पडतं.

या क्रमातून एक गोष्ट निघते आणि ती पुष्कळांना चकवते. फॉरवर्डमधला नियम आतल्या पत्त्यावर आणि आतल्या पोर्टवर लिहायचा असतो. बाहेर ८४४३ ठेवून आत ४४३ वर वळवलं असेल, तर फॉरवर्डमध्ये परवानगी ४४३ ला द्यायची. तिथे ८४४३ लिहून बसलं तर नियमाला लागलेली पॅकेट मोजणारा काउंटर शून्यावरून हलत नाही. तुमच्या नियमांत ‘आधीपासून चालू असलेल्या जोडण्यांना परवानगी’ ही ओळ सगळ्यात वर हवी, त्याखाली १९२.१६८.१०.२० च्या ४४३ ला नव्या जोडणीची परवानगी, आणि शेवटी बाकी सगळं ड्रॉप. काहीजण ‘ज्याचं डीनॅट झालंय ते सगळं सोडा’ असा एकच नियम लिहितात. तो चालतो आणि नीटनेटकाही दिसतो. पण त्याच मशीनवरच्या दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरने स्वतःचं डीनॅट टाकलं तर तेही याच दारातून आत येतं. मी प्रत्येक सर्व्हरसाठी वेगळी ओळ लिहितो.

कर्नलमधली आयपी फॉरवर्ड ही सेटिंग १ आहे ना, हे एकदा बघून घ्या. तुमच्याकडे मास्करेडनंतर पोर्टल चाललं, म्हणजे ती चालूच आहे. नवं मशीन लावणाऱ्यांनी मात्र तिथूनच सुरुवात करावी.

आता परतीची वाट. सर्व्हरपर्यंत पोचलेल्या पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ता ग्राहकाचा खरा पब्लिक आयपी असतो, डीनॅट त्याला हात लावत नाही. सर्व्हर उत्तर तयार करतो आणि पाहतो की हा पत्ता माझ्या सबनेटमधला, म्हणजे स्थानिक जाळ्यातला नाही, तर डिफॉल्ट गेटवेकडे, म्हणजे बाहेर नेणाऱ्या राउटरकडे द्यावा. तुमच्या सर्व्हरचा डिफॉल्ट गेटवे, माझा जवळजवळ खात्रीचा अंदाज, अजून १९२.१६८.१०.२५४ हाच आहे. लाइन बदलली, फायरवॉल नवा आला, पण सर्व्हरवर हाताने भरलेला गेटवे तसाच राहिला. त्यामुळे उत्तर जुन्या ब्रॉडबँडच्या राउटरकडे जातं. त्या राउटरला या जोडणीचा काहीच पत्ता नसतो. तो एकतर पॅकेट टाकून देतो, नाहीतर स्वतःच्या पब्लिक आयपीचा शिक्का मारून पाठवतो. ग्राहकाच्या मशीनने हाक मारली २०३.०.११३.१० ला आणि उत्तर येतं भलत्याच पत्त्यावरून, म्हणून तेही ते नाकारतं.

मास्करेड टाकल्यावर हे का चाललं? मास्करेडने पाठवणाऱ्याचा पत्ताही बदलून १९२.१६८.१०.१ केला. सर्व्हरला वाटलं शेजारच्याच मशीनने विचारलंय. सबनेट तेच, त्यामुळे गेटवेची गरजच उरली नाही. उत्तर थेट फायरवॉलकडे आलं. गेटवे चुकलेला तो चुकलेलाच राहिला.

दुरुस्ती अशी: सर्व्हरचा डिफॉल्ट गेटवे १९२.१६८.१०.१ करा, मास्करेडची लॅनकडची ओळ काढा आणि बाहेरून पुन्हा तपासा. लॅनमधून इंटरनेटवर जाण्यासाठी बाहेरच्या कार्डावर जे मास्करेड किंवा एसनॅट (तेच काम ठरावीक पत्त्याने करणारा नियम) आहे, ते राहू द्या, त्याचा या भानगडीशी संबंध नाही. गेटवे बदलूनही पोर्टल चाललं नाही, तर सर्व्हरचा स्वतःचा फायरवॉल तपासा. विंडोज सर्व्हरवर काही तयार नियम फक्त स्थानिक सबनेटपुरते खुले असतात. मास्करेडमुळे प्रत्येक पाहुणा स्थानिक भासत होता म्हणून ते नियम आड येत नव्हते, आता येतील.

पाठवणाऱ्याचा खरा पत्ता जपण्यावर मी एवढा जोर का देतो? कुणी पासवर्ड फोडायचा प्रयत्न करत असेल तर फेलटूबॅनसारखं साधन लॉगमधला पत्ता बघून त्याला अडवतं. तुमच्या आजच्या स्थितीत ते १९२.१६८.१०.१ ला अडवेल, म्हणजे एका हल्लेखोरापायी सगळे ग्राहक बाहेर. दुसरं, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांप्रमाणे कंपन्यांना आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपून ठेवायचे आहेत, आणि ठरावीक प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे. ज्या लॉगमध्ये प्रत्येक नोंदीपुढे तुमच्याच फायरवॉलचा पत्ता आहे, तो १८० दिवस जपून त्यातून काय शोधणार? मशीनची घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या वेळेशी जुळवून ठेवायची अटही त्याच निर्देशांत आहे. ते काम अगदी थोड्या वेळाचं आहे, याच बैठकीत उरकून घ्या.

ऑफिसातून डोमेनच्या नावाने पोर्टल का उघडत नाही, हा तुमचा दुसरा प्रश्न. तुमच्या डीनॅट नियमात ‘बाहेरच्या कार्डावरून आलेलं’ अशी अट आहे. ऑफिसातलं पॅकेट लॅनच्या कार्डावरून येतं, त्यामुळे नियम त्याला लागतच नाही. ते फायरवॉलच्या स्वतःच्या ४४३ पोर्टवर जाऊन थांबतं आणि तिथे कुणी ऐकत नसतं.

इथे काहीजण कार्डाची अट सरळ काढून टाकतात आणि नियमात फक्त ‘पोर्ट ४४३’ एवढंच ठेवतात. हे कधीच करू नका. मग ऑफिसातून कुठल्याही सुरक्षित वेबसाइटकडे निघालेलं पॅकेट याच नियमात सापडतं आणि तुमच्या पोर्टलवर येऊन आदळतं. बँकेची साइट उघडायला जावं तर सर्टिफिकेटचा इशारा दिसतो, आणि सगळं ऑफिस हवालदिल होतं. कार्डाच्या अटीऐवजी पोचण्याच्या पत्त्याची अट घाला: ज्याचा पत्ता २०३.०.११३.१० आणि पोर्ट ४४३, तेवढंच वळवा. हा नियम आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून आलेल्या पॅकेटला लागतो.

पण तेवढ्याने आतलं काम पुरं होत नाही. समजा अकाउंट्सचं मशीन १९२.१६८.१०.५५ आहे. ते २०३.०.११३.१० ला पॅकेट पाठवतं, फायरवॉल ते वळवून सर्व्हरकडे देतो. सर्व्हर पाहतो की ५५ तर माझ्याच सबनेटमध्ये आहे, आणि उत्तर फायरवॉलला वगळून थेट ५५ ला देतो. ५५ ने विचारलं होतं २०३.०.११३.१० ला, उत्तर आलं १९२.१६८.१०.२० कडून. ते फेकून देतं. या प्रकाराला हेअरपिन म्हणतात आणि त्याला तीन उत्तरं आहेत.

सगळ्यात झटपट म्हणजे मर्यादित मास्करेड: पाठवणारा लॅनमधला, पोचण्याचा पत्ता १९२.१६८.१०.२०, पोर्ट ४४३ आणि डीनॅट झालेलं असेल, तेवढ्यापुरतंच. बाहेरच्या ग्राहकांचे खरे पत्ते शाबूत राहतात, फक्त ऑफिसातली माणसं लॉगमध्ये फायरवॉलच्या पत्त्याने दिसतात. दुसरं म्हणजे ऑफिसच्या डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेत, पोर्टलच्या नावासाठी थेट १९२.१६८.१०.२० द्यायचा. डीएनएसमास्क किंवा अनबाउंड या डीएनएसच्या सॉफ्टवेअरमध्ये ही एका ओळीची सेटिंग आहे. मग पॅकेट फायरवॉलकडे जातच नाही. मला हे आवडतं, पण ब्राउझरने स्वतःचा एन्क्रिप्टेड डीएनएस वापरायला सुरुवात केली की त्या मशीनपुरती ही सोय कोलमडते, आणि मग ‘एकाच मशीनवर चालत नाही’ अशी तक्रार येते.

तिसरं उत्तर तुम्ही करावं असं मला मनापासून वाटतं. पोर्टलचा सर्व्हर लॅनमधून उचला आणि वेगळ्या सबनेटवर ठेवा, समजा १९२.१६८.२०.०/२४ वर. फायरवॉलमध्ये तिसरं कार्ड लावा, किंवा स्विच मॅनेज्ड असेल तर व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळं केलेलं जाळं) करा. याला डीएमझेड म्हणतात. सर्व्हर वेगळ्या सबनेटवर गेला की ऑफिसातल्या मशीनला उत्तर द्यायलाही त्याला फायरवॉलमधूनच यावं लागतं, म्हणून हेअरपिनचा प्रश्न मुळातच उरत नाही आणि मास्करेडही लागत नाही. पण खरा फायदा वेगळाच आहे. ज्या सर्व्हरला तुम्ही इंटरनेटवर उभं केलंत, तो कधी ना कधी कुणीतरी फोडेल हे धरूनच आखणी करायची असते. आज तो फुटला तर फोडणारा टॅलीच्या मशीनच्या शेजारी येऊन बसतो, मध्ये एकही दार नाही. डीएमझेडमध्ये असेल तर लॅनकडे नवी जोडणी करायला त्याला बंदी असते. लॅनमधून डीएमझेडकडे जायला परवानगी, उलट दिशेने नाही. एका नेटवर्क कार्डाच्या खर्चात मिळणारं याहून चांगलं संरक्षण मला माहीत नाही.

रिमोट डेस्कटॉप आणि डीव्हीआर बाहेर उघडू नका. रिमोट डेस्कटॉपच्या नेहमीच्या ३३८९ ऐवजी ५३३८९ सारखा कुठलातरी पोर्ट ठेवला म्हणजे लपलो, असं बरेच जण मानतात. २०१३ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप हे साधन काढलं, त्याने एका साध्या मशीनवरून, गिगाबिट लाइनवर, अख्ख्या आयपीव्ही४ इंटरनेटवरचा एक पोर्ट ४५ मिनिटांच्या आत तपासून होतो. पोर्टचा नंबर बदलून लॉगमधली गर्दी कमी होईल, सुरक्षितता वाढणार नाही. मे २०१९ मध्ये ब्लूकीप नावाची त्रुटी जाहीर झाली. तिच्यामुळे जुन्या विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये पासवर्ड माहीत नसतानाही शिरता येत होतं. डीव्हीआरचं तर २०१६ मध्येच जगाने पाहिलंय. मिराई या मालवेअरने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे आणि डीव्हीआर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले, आणि त्या फौजेने त्या ऑक्टोबरात डीन या डीएनएस कंपनीवर हल्ला चढवून मोठमोठ्या साइट बंद पाडल्या. ते डीव्हीआर बाहेरून पोचण्याजोगे ठेवले होते, कुणीतरी केलेल्या पोर्ट फॉरवर्डिंगने नाहीतर राउटरच्या यूपीएनपीने, म्हणजे उपकरणाला स्वतःच पोर्ट उघडू देणाऱ्या सोयीने.

तुमच्यासाठी मार्ग वायरगार्ड हा व्हीपीएन आहे, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कात यायचा एन्क्रिप्टेड बोगदा. २०२० च्या मार्चमध्ये आलेल्या ५.६ आवृत्तीपासून तो लिनक्स कर्नलमध्येच आहे, डेबियनवर बसवायला त्रास नाही. फायरवॉलवर एकच यूडीपी पोर्ट उघडायचा, साधारणपणे ५१८२०. ज्याच्याकडे योग्य किल्ली नाही त्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही, म्हणून बाहेरून शोधणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. मालक, अकाउंटंट आणि सुपरवायझर यांच्या लॅपटॉपला आणि फोनला किल्ल्या द्या. ते आत आले की टॅलीही उघडेल आणि कॅमेरेही दिसतील. सीए फक्त त्यांच्या ऑफिसातूनच येत असतील आणि तिथे स्टॅटिक आयपी असेल, तरीही मी फॉरवर्डिंगपेक्षा व्हीपीएनच देईन. ते अगदीच नको म्हणाले तर निदान नियमात त्यांच्या आयपीची अट घाला. फायरवॉलवर यूपीएनपी चालू असेल तर आजच बंद करा.

तपासणी कशी करायची, यावर थोडं थांबतो, कारण ‘चालत नाही’ एवढ्यावरून कुणालाच मदत करता येत नाही. आधी ब्राउझर काय सांगतो ते नीट वाचा. ‘जोडणी नाकारली’ असं लगेच आलं तर बहुतेक वेळा जाण्या-येण्याची वाट ठीक आहे, फक्त त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही. बराच वेळ चाक फिरून वेळ संपल्याचा संदेश आला तर पॅकेट कुठेतरी गडप होतंय. चाचणी मोबाइल डेटावरून घ्या, फोनचं वायफाय बंद करून. फायरवॉलवर बसूनच पब्लिक आयपी उघडून बघू नका. त्या मशीनवरून निघालेलं पॅकेट प्रीराउटिंगमधून जातच नाही, त्यामुळे तिथली चाचणी काहीच सिद्ध करत नाही.

मग टीसीपीडम्प, म्हणजे कार्डावरून जाणारी-येणारी पॅकेट दाखवणारं साधन. दोन खिडक्या उघडा, एकीत बाहेरचं कार्ड, दुसरीत लॅनचं. बाहेरच्या कार्डावर जोडणी सुरू करणारं पहिलं सिन पॅकेटच दिसत नसेल तर दोष तुमच्या नियमांत नाही, त्याच्याही अलीकडे आहे. तुमच्याकडे स्टॅटिक आयपी आहे म्हणून ही शक्यता कमी, पण साधं फायबर कनेक्शन असणाऱ्यांनी इथेच थांबून पाहावं. राउटरच्या बाहेरच्या कार्डावरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर इंटरनेट कंपनीने तुम्हाला कॅरिअर ग्रेड नॅटच्या (एक पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटण्याच्या सोयीच्या) मागे ठेवलं आहे. हा पट्टा २०१२ मध्ये खास त्यासाठीच राखून ठेवला गेला. तिथे तुम्ही कितीही नियम लिहिलेत तरी बाहेरचं पॅकेट पोचणार नाही. पब्लिक आयपी विकत घ्या, आयपीव्ही६ वापरा किंवा बाहेरच्या एखाद्या छोट्या भाड्याच्या सर्व्हरवरून वायरगार्डचा बोगदा आणा. पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर कंपनीचा ओएनटी, म्हणजे फायबरची पेटी, स्वतःच राउटर झालेला आहे. तो ब्रिज मोडवर (पॅकेट नुसती पुढे देणाऱ्या) टाकून घ्या.

बाहेरच्या कार्डावर सिन दिसतं पण लॅनच्या कार्डावर दिसत नाही, तर ते फायरवॉलमध्येच अडलंय. लक्षात घ्या, टीसीपीडम्प आत येणारं पॅकेट नेटफिल्टरच्या आधी पाहतो. त्यामुळे तिथे पॅकेट दिसलं याचा अर्थ नियमांनी ते स्वीकारलं असा नाही. नियमांवर काउंटर लावा. डीनॅटचा काउंटर हलत नसेल तर अट जुळत नाही. हलतोय पण फॉरवर्डचा हलत नाही, तर परवानगीची ओळ चुकली आहे किंवा तिच्या वरच्याच एखाद्या ओळीने पॅकेट टाकलं आहे. नॅटचा काउंटर प्रत्येक जोडणीच्या पहिल्या पॅकेटलाच वाढतो, म्हणून तिथे आकडा छोटा दिसला तर घाबरू नका.

लॅनच्या कार्डावर सिन दिसतं, पण सर्व्हरचं उत्तर परत येत नाही. तुमच्याकडे हेच दिसेल असं मला वाटतं. तीच चाचणी सर्व्हरवर घ्या. तिथून उत्तर निघतंय आणि फायरवॉलपर्यंत येत नाही, तर गेटवे चुकलेला आहे. उत्तरच निघत नसेल तर सर्व्हरचा फायरवॉल, किंवा पोर्टल फक्त १२७.०.०.१ वर ऐकतंय.

एक गंमतीशीर वाटणारी पण फार छळणारी अडचण पीपीपीओई (लॉगिन करून जोडल्या जाणाऱ्या ब्रॉडबँड) लाइनवर येते. लॉगिनचं पान उघडतं, मोठी यादी असलेलं पान मात्र लटकतं. पीपीपीओईमुळे एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, १५०० चा १४९२ होतो, आणि मोठी पॅकेट मध्येच अडकतात. फॉरवर्डमध्ये एमएसएस क्लॅम्पिंगची, म्हणजे पॅकेटचा आकार आधीच मर्यादित ठेवणारी, एक ओळ टाकली की सुटतं.

नियम बदलल्यावर जुनंच वागणं दिसत राहिलं तर कॉनट्रॅक, म्हणजे कर्नलची जोडण्यांची नोंदवही, आठवा. कर्नल प्रत्येक जोडणीचा निर्णय पहिल्या पॅकेटला घेतो आणि लक्षात ठेवतो, पुढची पॅकेट नॅटच्या नियमांना विचारतच नाहीत. चालू टीसीपी जोडणीची नोंद, काहीच हालचाल नसली तरी, मुळात ५ दिवस टिकते. आयपी फोनसारखी उपकरणं यूडीपीवर सतत बोलत राहतात, त्यांची नोंद मरतच नाही. कॉनट्रॅकच्या कमांडने त्या पत्त्याच्या नोंदी पुसा आणि मगच चाचणी घ्या.

जुनी ब्रॉडबँड लाइन तुम्ही फायरवॉलच्याच आणखी एका कार्डावर आणून बॅकअप म्हणून ठेवणार असाल, तर फॉरवर्डिंग त्या लाइनवरूनही चालावं यासाठी जास्तीचं काम आहे. जोडणी ज्या लाइनने आली त्याच लाइनने उत्तर जायला हवं. येताना जोडणीवर खूण करायची, उत्तराच्या पॅकेटवर ती खूण परत लावायची, आणि खुणेप्रमाणे वेगळं राउटिंग टेबल वापरायचं. शिवाय आरपी फिल्टर (पॅकेटची परतीची वाट जुळते का पाहणारी कर्नलची सेटिंग) कडक, म्हणजे १ वर असेल, तर दुसऱ्या लाइनवर आलेली पॅकेट काही न सांगता टाकली जातात. त्या कार्डावर तो २ करा. हे सगळं नको असेल तर जुनी लाइन फक्त बाहेर जाण्यासाठी ठेवा आणि फॉरवर्डिंग एकाच लाइनवर राहू द्या. छोट्या ऑफिसला मी हेच सुचवतो.

तुम्ही प्रश्नासोबत आयपीटेबल्सचे, म्हणजे फायरवॉलचे नियम लिहायच्या जुन्या साधनाचे, नियम चिकटवलेत, पण डेबियन १० पासून आयपीटेबल्सच्या कमांडमागे मुळात एनएफटेबल्स हे नवं साधनच काम करतं. आयपीटेबल्स २००१ मध्ये कर्नल २.४ बरोबर आलं, एनएफटेबल्स २०१४ मध्ये ३.१३ बरोबर. दोन्ही पद्धतींचे नियम एकाच मशीनवर मिसळू नका. एका टेबलने ‘सोडा’ म्हटलं तरी त्याच टप्प्यावरच्या दुसऱ्या टेबलने ‘टाका’ म्हटलं तर पॅकेट पडतं. त्या मशीनवर डॉकर (कंटेनरमध्ये सॉफ्टवेअर चालवणारं साधन) असेल तर आणखी जपा. डॉकर पोर्ट उघडताना स्वतःचं डीनॅट लावतो आणि ते ट्रॅफिक फॉरवर्डमधून जातं, त्यामुळे यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या सोप्या साधनात बंद केलेला पोर्टही बाहेरून उघडा सापडतो. फायरवॉलच्या मशीनवर डॉकर नसलेलाच बरा.

ज्यांच्याकडे लिनक्सऐवजी तयार पेटी आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. मायक्रोटिकमध्ये नियम डीएसटीनॅटमध्ये जातो, आणि मूळच्या फायरवॉल नियमांत डीनॅट झालेल्या जोडण्यांना आधीच वाट ठेवलेली असते. पीएफसेन्समध्ये पोर्ट फॉरवर्ड केलं की परवानगीचा नियम सोबत तयार होतो, आणि तोही आतल्या पत्त्यावर असतो. फोर्टिगेटमध्ये आधी व्हर्च्युअल आयपी बनवायचा आणि पॉलिसीत पोचण्याच्या जागी तोच निवडायचा. सिस्को एएसएवर ८.३ आवृत्तीच्या आधी परवानगीच्या यादीत बाहेरचा पत्ता लिहावा लागे, तिथून पुढे आतला खरा पत्ता लिहावा लागतो. जुन्या नोंदवहीतून कॉन्फिगरेशन उतरवणारे इथे अडकतात.

उद्या ४४३ वरच दुसरं पोर्टल सुरू करायचं झालं तर एका आयपीचा एक पोर्ट डीनॅटने एकाच ठिकाणी नेता येतो. तेव्हा डीएमझेडमध्ये एनजिनएक्स किंवा एचएप्रॉक्सी रिव्हर्स प्रॉक्सी म्हणून बसवा, ४४३ त्याच्याकडे न्या, आणि डोमेनच्या नावावरून तो वाटून देईल. तिथेही ग्राहकाचा खरा पत्ता मागच्या सर्व्हरला हेडरमधून कळवायची सोय करून घ्या.

आयपीव्ही६ चं एवढंच. तिथे डीनॅट लागत नाही, सर्व्हरला स्वतःचा जागतिक पत्ता असतो, फक्त फॉरवर्डमध्ये परवानगी द्यायची. पण डोमेनला आयपीव्ही६ ची नोंद असेल तर मोबाइल डेटावरची चाचणी बहुधा त्याच वाटेने जाईल आणि तुमच्या डीनॅटची परीक्षा होणारच नाही. त्यामुळे चाचणीच्या वेळी कुठला पत्ता वापरला गेला हे सर्व्हरच्या लॉगमध्ये बघा.

कामाचा क्रम मी असा ठेवेन: आज गेटवे बदलून मास्करेड काढा आणि नियमात पत्त्याची अट घाला, हेअरपिनसाठी तात्पुरतं मर्यादित मास्करेड ठेवा. या आठवड्यात वायरगार्ड. कारखान्याच्या पुढच्या सुट्टीच्या दिवशी तिसरं कार्ड आणि डीएमझेड, आणि ते झालं की ते मर्यादित मास्करेडही काढा. प्रत्येक बदलानंतर नियम एनएफटेबल्सच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये उतरवा, त्याची सर्व्हिस बूटला चालू होते ना ते तपासा, आणि कुणी कामावर नसताना मशीन एकदा रीस्टार्ट करून मोबाइल डेटावरून पोर्टल उघडून बघा. गेटवे बदलूनही बाहेरून उघडलं नाही, तर फायरवॉलच्या दोन्ही कार्डांवरचं आणि सर्व्हरवरचं टीसीपीडम्प एकाच चाचणीचं, वेळेसकट पाठवा. पब्लिक आयपीचे शेवटचे दोन आकडे झाकून पाठवलेत तरी मला पुरे.